आपल्या हिशेबाची दुसरी प्रत कुठे आहे?

हातातलं काम चालू ठेवा. शेंगा फोडत असाल तर फोडत राहा, फक्त कान इकडे द्या. आज आम्ही संगणकाबद्दल बोलणार आहोत. "हे काही आपलं काम नव्हे" म्हणून रेडिओ बंद करू नका, कारण विषय संगणकाचा असला तरी गोष्ट आपल्या पैशांची आहे.

मागच्या पावसाळ्यात आमच्या कार्यालयातला लॅपटॉप बंद पडला. कार्यालय म्हणजे तरी काय, समाजमंदिराच्या मागची एक खोली, एक कपाट आणि दोन खुर्च्या. पण त्या लॅपटॉपमध्ये अकरा गटांचे हिशेब होते. कोणी किती बचत भरली, कोणाकडे किती कर्ज, कोणाचा कितवा हप्ता. तालुक्याच्या दुकानात नेला तर सांगितलं, डिस्क गेली, आतलं काही निघणार नाही. नोंदवह्या होत्या म्हणून बुडालो नाही. पण खरं सांगायचं तर लॅपटॉप आल्यापासून वह्या लिहिण्यात आमची ढिलाई झाली होती. "आधी संगणकात टाकू, मग निवांत वहीत उतरवू" असं चाललं होतं, आणि दोन महिन्यांचं उतरवायचं राहिलं होतं.

त्याच दोन महिन्यांत एका काकूंनी १,५०० रुपयांचा हप्ता भरला होता. त्या दिवशी त्या पासबुक घरी विसरल्या, म्हणून पासबुकात नोंद नाही. वहीतही नाही. नोंद होती ती फक्त लॅपटॉपमध्ये. गटानं काकूंच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि हप्ता जमा धरला. पण बैठकीत एकजण बोलून गेली, "आता काय, कोणीही म्हणेल मी भरला." काकू पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. त्यांचे पैसे बुडाले नव्हते, पण मन दुखावलं होतं. पंचसूत्रीतलं नियमित हिशेब लेखन हे सूत्र आम्ही दर प्रशिक्षणात पाठ म्हणतो. ते कशासाठी आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं. कोणाही बाईला आपल्या खरेपणासाठी दुसऱ्याच्या मेहरबानीवर राहावं लागू नये, त्यासाठी ते आहे.

तेव्हा आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, वही आधी आणि संगणक नंतर. बैठक संपायच्या आत वहीत आणि पासबुकात नोंद झालीच पाहिजे. दुसरी, संगणकातल्या हिशेबाची दुसरी प्रत रोज आपोआप निघाली पाहिजे, आणि ती कशी निघते हे आमच्यातल्या तिघी-चौघींना तरी समजलं पाहिजे. ही दुसरी गोष्ट आम्ही कशी शिकलो ते आज सांगतो.

आमच्या एका सभासद ताईंची मुलगी तालुक्याला संगणकाचा डिप्लोमा करत होती. ती म्हणाली, "मावशी, घरात जुना लॅपटॉप पडलाय, तो कामाला लावू. त्यात लिनक्स टाकते." आम्ही विचारलं, "किती पैसे लागतील?" ती म्हणाली, "लिनक्सला काहीच लागत नाहीत."

फुकट म्हटल्यावर आम्हाला शंका आली. तेव्हा तिनं समजावलं. संगणक चालवायला एक मूळ यंत्रणा लागते. बऱ्याच संगणकांत विंडोज असते, तशीच लिनक्स ही दुसरी. १९९१ साली फिनलंड देशातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं तिचा गाभा लिहायला घेतला आणि तो सगळ्यांसाठी खुला ठेवला. मग जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. आपल्याकडे इर्जिक असते ना, एकाच्या शेतात सगळे बैल आणि सगळी माणसं येऊन काम उरकतात, तसं ते झालं. कोणीही वापरावी, कोणीही उघडून बघावी, कोणीही सुधारावी. आपल्या हातातले अँड्रॉइड फोनसुद्धा लिनक्सच्याच गाभ्यावर चालतात. म्हणजे आम्ही लिनक्स रोज वापरतच होतो, फक्त नाव माहीत नव्हतं.

त्या जुन्या लॅपटॉपचा आम्ही सर्व्हर केला. सर्व्हर हा शब्द ऐकून मोठी थंडगार खोली आणि लुकलुकणारे दिवे डोळ्यांसमोर आणू नका. सर्व्ह करणं म्हणजे वाढणं. पंगतीत वाढपी उभा असतो, मागाल ते आणून वाढतो आणि पंगत उठेपर्यंत बसत नाही. तसा हा संगणक कायम जागा राहतो. त्याच्याकडे फाइल ठेवायला दिली की ठेवतो, मागितली की देतो. बस, एवढंच.

कार्यालयात रात्री कोणी नसतं, म्हणून तो हिशेब लिहिणाऱ्या ताईंच्या घरी ठेवला. जागा निवडताना तीन गोष्टी पाहिल्या. चुलीचा धूर आणि फोडणीची वाफ लागू नये, पावसाचं पाणी आणि उंदीर पोचू नयेत, आणि प्लग मुलांच्या हाती लागू नये. भिंतीतल्या उंच फळीवर तो बसला. जुना लॅपटॉप घेण्याचा एक फायदा म्हणजे त्याची बॅटरी. वीज गेली तरी तो लगेच मरत नाही. मात्र बॅटरी फुगलेली दिसली तर ती लगेच काढून टाकायची, तिच्याशी खेळ नको. आणखी एक खोड असते. लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो झोपतो. ती सवय सेटिंगमध्ये जाऊन मोडावी लागते.

ताईंच्या सासूबाईंना हे पटेना. "रात्रभर यंत्र चालू? बिल कोण भरणार?" म्हणून त्या रोज नऊ वाजता बटण बंद करायच्या आणि बॅटरी संपली की सर्व्हर बंद पडायचा. मग आम्ही सगळ्यांनी बसून हिशेब केला. पडदा बंद असताना आमचा लॅपटॉप साधारण १५ वॅट वीज खातो असं धरलं. चोवीस तासांचे झाले ३६० वॅट-तास, म्हणजे एका युनिटच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. महिन्याला साधारण ११ युनिट. त्याचे पैसे ग्रामसंघानं ताईंना द्यायचे असा ठराव इतिवृत्तात लिहिला. तेव्हा कुठे सासूबाई म्हणाल्या, "असं आधी सांगायचं."

आता शिकण्याची गोष्ट. लिनक्सशी बोलायचा एक रस्ता चित्रांवर टिचकी मारण्याचा आहे, आणि दुसरा लिहून सांगण्याचा. काळा पडदा येतो, त्यावर आपण एक ओळ टाइप करायची, संगणक ती पाळतो. ही ओळ जो ऐकून घेतो त्याला शेल म्हणतात. शेल म्हणजे कवच. नारळाला जशी करवंटी आणि आत खोबरं, तसं लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणजे गर म्हणतात आणि बाहेरच्या थराला शेल. आपलं बोलणं आधी शेलपाशी जातं, तो ते आत पोचवतो. आमच्या लॅपटॉपमधल्या शेलचं नाव बॅश. १९८९ पासून तो वापरात आहे.

पहिल्या शनिवारी आम्ही पाच आज्ञा शिकलो आणि वहीत मराठीत उतरवून घेतल्या. पहिली पीडब्ल्यूडी. हसू नका, हे रस्ते बांधणारं खातं नव्हे. "मी आत्ता कोणत्या फोल्डरमध्ये आहे?" एवढं ती सांगते. दुसरी एल-एस, इथे काय काय आहे ते दाखवते. तिसरी सी-डी, दुसऱ्या फोल्डरमध्ये नेते. चौथी सी-पी, प्रत काढते. पाचवी कॅट. नाव मांजराचं असलं तरी काम फाइल वाचून दाखवण्याचं. या सगळ्या इंग्रजी लहान अक्षरांत लिहायच्या. मोठं अक्षर आलं तर लिनक्स ते वेगळं समजतं. आमच्यातल्या एक ताई सातवी शिकलेल्या आहेत. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण अक्षरं ओळखता येत होती. तेवढ्यावर त्या आमच्या आधी शिकल्या, कारण त्या घाई करत नाहीत. एकेक अक्षर बघून टाइप करतात.

चुका खूप झाल्या. एका फाइलचं नाव आम्ही "जून हिशेब" ठेवलं होतं, मध्ये मोकळी जागा सोडून. प्रत काढायला सांगितलं तर शेल म्हणे, अशी फाइलच नाही. कारण मोकळी जागा दिसली की शेल समजतो, एक नाव संपलं आणि दुसरं सुरू झालं. तो "जून" वेगळी शोधत होता आणि "हिशेब" वेगळी. अशा नावाला अवतरणचिन्हं लावायची, किंवा नावात मोकळी जागा सोडायचीच नाही. आम्ही दुसरा नियम केला.

एक आज्ञा मात्र आम्ही वहीत लाल शाईनं लिहिली आहे. ती आर-एम. ती फाइल पुसते आणि "नक्की ना?" असं सहसा विचारत नाही. तिथे कचरापेटी नाही, पुसलं ते गेलं. शिकताना आम्ही सरावाचा वेगळा फोल्डर केला आणि ही आज्ञा फक्त तिथेच वापरली. आणखी एक शब्द आहे, सूडो. बँकेतून गटाचे पैसे काढायला जशा ठरलेल्या सह्या लागतात, तसं संगणकात मोठा बदल करायला आधी सूडो लिहून पासवर्ड द्यावा लागतो. हा पासवर्ड दोघींनाच माहीत आहे, आणि तो बंद पाकिटात अध्यक्षांच्या कपाटातही आहे. एकीलाच माहीत असेल आणि ती आजारी पडली तर काय करणार?

आता स्क्रिप्ट. लग्नघरात आपण कामांची यादी करतो: आधी हे, मग ते, हे नसेल तर ते. स्क्रिप्ट म्हणजे अशीच शेलच्या आज्ञांची यादी, एका फाइलमध्ये ओळीनं लिहिलेली. फरक एवढाच की माणूस यादीतली चूक समजून घेतो, शेल समजून घेत नाही. लिहिलं तेच करतो.

आमची पहिली स्क्रिप्ट पाच ओळींची होती. पहिल्या ओळीत ही यादी बॅशनं वाचायची असं सांगितलं. दुसऱ्या ओळीत आजची तारीख घेतली. तिसऱ्या ओळीत टार नावाच्या आज्ञेनं हिशेबाच्या पूर्ण फोल्डरचं एक गाठोडं बांधलं आणि गाठोड्याच्या नावात ती तारीख घातली. म्हणजे कालचं गाठोडं आजच्यानं झाकलं जात नाही. चौथ्या ओळीत ते गाठोडं पेनड्राइव्हवर ठेवलं. पाचव्या ओळीत एका वेगळ्या फाइलमध्ये लिहिलं, "अमुक तारखेला प्रत झाली." ती फाइल म्हणजे संगणकाची रोजकीर्द.

यादी तर झाली, पण रोज चालवणार कोण? त्यासाठी क्रॉन आहे. क्रॉन हा लिनक्समधला वेळ पाळणारा गडी. त्याला पाच गोष्टी सांगायच्या: मिनिट, तास, महिन्यातली तारीख, महिना आणि वार. जे "रोज" असेल तिथे फुली, म्हणजे तारा, टाकायचा. आम्ही आधी रात्री दोनची वेळ दिली होती. पण वर सांगितलं तसं सासूबाई नऊ वाजता बटण बंद करत होत्या, आणि संगणक बंद असेल तर साधा क्रॉन राहिलेलं काम नंतर भरून काढत नाही. त्या दिवसाचं काम चुकलं ते चुकलंच. म्हणून वेळ रात्री साडेआठ केली. म्हणजे मिनिट ३०, तास २०, आणि पुढे तीन तारे. आता घरात मालिका चालू असते तेव्हा आमचं गाठोडं बांधलं जातं.

इथपर्यंत ती मुलगी सोबत होती. मग तिला पुण्यात नोकरी लागली आणि ती गेली. आम्हाला आनंद झाला, पण धाकधूकही वाटली. आणि खरी परीक्षा नेमकी त्यानंतर आली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गाणी वाजवायची होती. घरातल्या कोणीतरी सर्व्हरचा पेनड्राइव्ह काढून नेला आणि तो टेपच्या डब्यातच राहिला. इकडे स्क्रिप्ट रोज साडेआठला चालत होती आणि रोजकीर्दीत रोज लिहीत होती, "प्रत झाली." आम्ही ते वाचून निर्धास्त. महिन्याच्या बैठकीत पेनड्राइव्ह शोधून उघडला, तर शेवटचं गाठोडं एकोणीस दिवस जुनं. मग एवढे दिवस प्रत जात कुठे होती?

शोधताना कळलं. लिनक्समध्ये पेनड्राइव्ह लावला की तो एका ठरलेल्या फोल्डरला जोडला जातो. पेनड्राइव्ह काढला तरी आमच्याकडे तो फोल्डर तसाच राहत होता, रिकामा. स्क्रिप्ट त्या रिकाम्या फोल्डरमध्ये गाठोडी टाकत होती, म्हणजे त्याच लॅपटॉपच्या त्याच डिस्कवर. डिस्क गेली असती तर मूळ आणि प्रत दोन्ही एकदम गेली असती. तिचं काही चुकलं नव्हतं. आम्ही सांगितलं तेच तिनं केलं होतं. "पेनड्राइव्ह आहे का ते आधी बघ" असं आम्ही कधी सांगितलंच नव्हतं.

पुण्याला फोन लावला. तिनं एकच शब्द सांगितला, माउंटपॉइंट. बाकी आम्ही वहीवरून आणि सरावाच्या फोल्डरमध्ये करून पाहिलं. दोन शनिवार गेले. आता स्क्रिप्ट आधी विचारते: या फोल्डरला खरंच काही जोडलेलं आहे का? नसेल तर ती तिथेच थांबते आणि रोजकीर्दीत लिहिते, "पेनड्राइव्ह नाही, प्रत झाली नाही." "झालं" हा शब्दही ती आता गाठोडं पोचल्यावरच लिहिते. आम्ही मुद्दाम पेनड्राइव्ह काढून पाहिलं आणि तिनं बरोबर तक्रार केली. त्या दिवशी आम्ही चहा केला.

मैत्रिणींनो, या सगळ्यातून आमच्या हाती एक गोष्ट लागली. प्रत काढली म्हणजे जपलं असं नव्हे. प्रत उघडून, वाचून, जुळवून पाहिली म्हणजे जपलं. "झालं" असं संगणक म्हणो की माणूस, बघितल्याशिवाय मानायचं नाही.

म्हणून आता दर महिन्याच्या बैठकीत दहा मिनिटं यासाठी ठेवली आहेत. आमच्याकडे दोन पेनड्राइव्ह आहेत. एक सर्व्हरला, दुसरा अध्यक्षांच्या घरी, गावाच्या दुसऱ्या टोकाला. आग लागली, पाणी शिरलं, चोरी झाली, तरी दोन्ही घरांत एकदम होणार नाही. बैठकीत त्यांची अदलाबदल होते. जाणकार लोक याला ३-२-१ म्हणतात: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. अदलाबदल झाली की नव्या पेनड्राइव्हवरचं गाठोडं दुसऱ्या संगणकावर सोडायचं, चिठ्ठी टाकून एका सभासदाचं नाव काढायचं, आणि तिच्या खात्यातल्या नोंदी मोठ्यानं वाचायच्या. ती आपल्या पासबुकाशी ताडून बघते, हिशेब लिहिणाऱ्या ताई वहीशी.

दोन खबरदाऱ्याही सांगतो. आमचा सर्व्हर घरातल्या वायफायपुरताच आहे, बाहेरच्या जगाला त्याचं दार उघडलेलं नाही. कोणी म्हणालं, "राउटरमध्ये एक सेटिंग करा, कुठूनही बघता येईल," तर पूर्ण समजल्याशिवाय करू नका. आणि सभासदांच्या आधार कार्डांचे फोटो, ओटीपी, एटीएमचे नंबर असलं काही त्यात ठेवू नका. हिशेबाला त्यांची गरज नाही. प्रतीचा पेनड्राइव्हही गाण्यांसाठी कोणाला देऊ नका, हे आता वेगळं सांगायला नको.

तुमच्या गावात जुना लॅपटॉप नसेल, शिकवणारी मुलगी नसेल, तरी पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. आपल्या हिशेबाची दुसरी प्रत कुठे आहे? ती शेवटची कोणी आणि कधी उघडून पाहिली? आणि हिशेब लिहिणारी उद्या आली नाही, तर ती प्रत उघडता येणारी दुसरी बाई कोण? हिशेब कागदावर असला तरी हे प्रश्न तसेच लागू आहेत.

जाता जाता काकूंचं सांगायचं राहिलं. मागच्या महिन्यात चिठ्ठीत त्यांचंच नाव निघालं. गाठोडं सोडलं, त्यांचं खातं उघडलं. आमच्या सातवी शिकलेल्या ताईंनी एकेक नोंद वाचली. काकू पासबुकावर बोट ठेवून प्रत्येक नोंदीला "आहे" म्हणत गेल्या. १,५०० रुपयांचा तो हप्ता आला, तारखेसकट, वहीत आम्ही नंतर ठरावानं लिहिलेला. काकू म्हणाल्या, "आहे." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पुढचं वाचा."